कोर्टाच्या चौकातली माणसं

अलाबामा राज्याच्या नैर्ऋत्येला, मोबील आणि माँटगोमेरी या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात मनरोव्हिल नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम सहा हजार. मोठा महामार्ग लांबून गेलेला, नदीही काही मैलांवर. मुद्दाम वाट वाकडी करून कोणी यावं असं एरवी इथे काही नाही. तरीही गेल्या शंभर वर्षांत या गावात पुलित्झर पारितोषिक मिळवणाऱ्या दोघी जन्मल्या. अमेरिकी गद्याला नवं वळण देणारा एक लेखक इथल्या नातेवाइकांच्या घरात लहानाचा मोठा झाला. शिकागोच्या गरीब वस्तीत पदरचे पैसे घालून शाळा काढणारी एक शिक्षिका मूळची इथली, आणि एक खुमासदार कादंबरीकारही इथलाच. न केलेल्या खुनासाठी सहा वर्षं फाशीच्या कोठडीत काढलेला एक माणूसही इथलाच.

गावच्या नामवंतांच्या यादीत पहिली पाच नावं सहज बसतात. सहावं मी मुद्दाम घातलं आहे. ते का घातलं, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

मनरोव्हिल ही मनरो काउंटीची काउंटी सीट, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कचेरीचं गाव. कोर्ट, तुरुंग, शेरीफ, जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने, करवसुली, सगळं एका चौकात. काउंटी आखली गेली १८१५ साली, अलाबामाला राज्याचा दर्जा मिळायच्या चार वर्षं आधी. सुरुवातीला तिचा कारभार चाले तो क्लेबोर्नहून. अलाबामा नदीच्या उंच काठावरचं क्लेबोर्न हे कापसाच्या व्यापाराचं भरभराटीचं बंदर होतं. १८२५ साली फ्रान्सचा सेनानी लाफायेत अमेरिकाभर सत्कार स्वीकारत हिंडत होता, तेव्हा तो क्लेबोर्नलाही उतरला. विल्यम बॅरेट ट्रॅव्हिस नावाचा तरुण तिथे वकिली करायचा, वर्तमानपत्रही चालवायचा. कर्ज डोईजड झालं तसा बायको-मुलाला मागे ठेवून तो १८३१ साली टेक्सासला निघून गेला आणि पाच वर्षांनी अलामोच्या वेढ्यात लढताना मारला गेला. टेक्सासच्या लोकांचा तो हुतात्मा झाला. क्लेबोर्नच्या धनकोंचं मात्र बुडीत खातं.

१८३२ साली काउंटीचं ठाणं नदीकाठ सोडून आत मनरोव्हिलला आलं. पुढे नदीवरची वाहतूक आटली, क्लेबोर्न ओस पडलं. मनरोव्हिल टिकलं ते कोर्टामुळे. तारखेला येणारे पक्षकार, त्यांचे साक्षीदार, वकील, त्यांना जेवू घालणारे आणि त्यांच्या बातम्या छापणारे, एवढ्यांवर हे गाव उभं राहिलं. पुढे १९३७ साली व्हॅनिटी फेअर कंपनीचा कपड्यांचा कारखाना आला आणि बऱ्याच घरांत पगार आला, पण गावाचा मूळ धंदा न्यायदान हाच. पुढच्या प्रकरणांत ज्यांची चरित्रं आहेत त्यांतल्या प्रत्येकाचा या कोर्टाशी, किंवा त्या कोर्टाने राखलेल्या व्यवस्थेशी, कुठे ना कुठे संबंध येतो. कोणी वर गॅलरीत बसून ऐकत होतं, कोणी आरोपी होतं, आणि कोणाला दारातूनच परत फिरावं लागलं होतं.

चौकातली जुनी कोर्टाची इमारत १९०३ सालची, डोक्यावर घुमट असलेली. आतली कोर्टाची खोली साधी चौकोनी नाही, तिच्या भिंती गोलाई घेत फिरतात. न्यायाधीशाच्या आसनासमोर लाकडी कठडा, वर कमानीसारखी वळलेली गॅलरी. काळ्या लोकांनी बसायचं ते त्या गॅलरीत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या कादंबरीवरच्या चित्रपटासाठी हॉलिवुडचे कलादिग्दर्शक इथे आले, खोलीची मापं घेऊन गेले आणि तशीच्या तशी खोली त्यांनी स्टुडिओत उभी केली. आज जुन्या कोर्टाचं संग्रहालय झालं आहे. चित्रपट इथेच चित्रित झाला अशा समजुतीने येणारे पर्यटक कमी नाहीत. कॅमेरा इथे फिरलाच नव्हता.

या चौकात अमासा कोलमन ली नावाचे वकील होते. ते इथे आले १९१० च्या दशकात. वकिली, राज्याच्या विधिमंडळात बारा वर्षं सदस्यत्व, आणि १९२९ पासून १९४७ पर्यंत 'मनरो जर्नल' या स्थानिक वर्तमानपत्राची मालकी आणि संपादकपद. लहान गावात एकाच माणसाकडे इतक्या किल्ल्या असणं नवलाचं नाही. १९१९ साली त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन काळ्या इसमांचं, बापलेकांचं, वकीलपत्र घेतलं होतं. दोघेही फासावर गेले. त्यानंतर ली यांनी फौजदारी खटला पुन्हा घेतला नाही, जमिनी, मृत्युपत्रं आणि करांची कामं करत राहिले. या एका गोष्टीवर बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्यात पराभवाइतकाच हिशेबीपणा दिसतो. त्या काळच्या अलाबामात गोऱ्या वकिलाने असे खटले वारंवार घेतले असते तर बाकीची कामं येईनाशी झाली असती.

त्यांना चार मुलं. थोरली अ‍ॅलिस, धाकटी नेल. नेल हार्पर ली, जन्म २८ एप्रिल १९२६. या धाकटीने लहानपणी गॅलरीतून खाली काय काय पाहिलं असेल, याचा अंदाज बांधायला एक खटला पुरेसा आहे. १९३३ साली वॉल्टर लेट या काळ्या मजुराला एका गोऱ्या बाईवरच्या अत्याचाराच्या आरोपाखाली पकडलं गेलं. पुढच्या वर्षी त्याला फाशीची शिक्षा झाली. आरोपाबद्दल गावातल्या काही प्रतिष्ठितांनाच शंका वाटू लागली होती, आणि गव्हर्नरने शिक्षा जन्मठेपेवर आणली. १९३७ साली लेट क्षयाने वारला. तो खटला नेलने पुढे लिहिलेल्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चा पाया आहे असं छातीठोक सांगणारे आहेत, मी तसं म्हणत नाही. पण वर्तमानपत्र ज्यांच्या घरचं, त्या घरात असल्या खटल्याची चर्चा जेवणाच्या टेबलावर होणारच, आणि आठ वर्षांच्या पोरीचे कान बंद नसतात.

लींच्या घराला लागून फॉक मंडळींचं घर होतं. तिथे ट्रुमन पर्सन्स नावाचा मुलगा राहायला आला. तो न्यू ऑर्लिन्सला ३० सप्टेंबर १९२४ रोजी जन्मलेला. आईबापांचं पटत नव्हतं, दोघांनाही मुलाकडे बघायला सवड नव्हती, म्हणून त्याला आईकडच्या वयस्क, अविवाहित नातेवाइकांच्या हवाली केलेलं. तीन बहिणी आणि एक भाऊ, सगळे एका छपराखाली. त्यांतली एक, टोप्यांचं दुकान चालवणारी जेनी, घराची कर्ती. दुसरी सूक, घराबाहेर फारशी न पडणारी, व्यवहारात मुलाहून मूल. ट्रुमनचं मेतकूट जमलं ते सूकशी. दोघं पेकान गोळा करायची, बेताच्या पैशांत नाताळचे फ्रूटकेक करायची आणि ते ओळखीच्यांना, अनोळखींनाही पाठवायची. त्यावरची 'अ ख्रिसमस मेमरी' ही कथा त्याने १९५६ साली प्रसिद्ध केली. क्युबन सावत्र बापाचं कपोटी हे आडनाव तोवर त्याने घेतलं होतं. त्याच्या एकूण लिखाणात मला सर्वांत प्रामाणिक वाटणारी पानं तीच आहेत. जगभर मिरवलेल्या, पुढे दारू आणि गोळ्यांनी पोखरलेल्या त्या माणसाकडे मनाला धरून ठेवण्यासारखं जे होतं ते फॉकांच्या स्वयंपाकघरातलं होतं.

नेल आणि ट्रुमन ही शेजारची दोन वेगळी मुलं. ती झाडावर चढणारी, मारामारीला न भिणारी. तो चण बारीक, आवाज चिरका, कपडे नको इतके नीटनेटके. गावातल्या पोरांनी त्याला धरलं की सोडवायला ती जायची. तिच्या वडिलांनी दिलेल्या जुन्या अंडरवुड टाइपरायटरवर दोघं मिळून गोष्टी बडवत. पुढे दोघांनी एकमेकांना आपापल्या पुस्तकांत घातलं. कपोटीच्या १९४८ सालच्या पहिल्या कादंबरीतली आयडाबेल ती, आणि लीच्या कादंबरीतला डिल हा तो. जवळच एका घरात बाहेर न पडणारा एक मुलगा होता, त्याला घरच्यांनीच कोंडून ठेवल्याची वदंता होती. त्याचं पुढे काय झालं हे कादंबरी वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आता दोन्ही घरं राहिलेली नाहीत. लींच्या घराच्या जागी आइस्क्रीम आणि बर्गर विकणारी 'मेल्स डेअरी ड्रीम' ही टपरी आहे. फॉकांच्या घराची खूण म्हणजे दगडी भिंतीचा एक तुकडा आणि शेजारी माहितीचा फलक. बर्गर खात त्या भिंतीचे फोटो काढणारे लोक तिथे दिसतात.

लहान गावाने या दोघांना काय दिलं, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मनरोव्हिलमध्ये सापडत नाही. ते दीडेक हजार किलोमीटरवर कॅन्सस राज्यात सापडतं. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी होल्कम या खेड्यात क्लटर कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. कपोटीने बातमी वाचली आणि त्यावर लिहायचं ठरवलं. एकट्याने जायची त्याची छाती नव्हती. त्याने नेलला सोबत घेतलं. तिने नुकतीच आपल्या कादंबरीची अखेरची प्रत प्रकाशकाकडे दिली होती आणि तिच्याकडे मोकळा वेळ होता. दोघं डिसेंबरमध्ये गार्डन सिटीला पोचली. गार्डन सिटी ही फिनी काउंटीची काउंटी सीट. तिथेही चौकात कोर्ट, वरच्या मजल्यावर तुरुंग, तपास करणारे अधिकारी, आणि चारचौघांत न बोलणारे पण स्वयंपाकघरात सगळं सांगणारे लोक.

सुरुवातीला कपोटीला कोणी उभं करेना. बुटका, बायकी आवाजाचा, न्यूयॉर्कहून गळ्यात लांब मफलर घालून आलेला हा माणूस कोण, असं झालं. दार उघडलं ते नेलने. एखाद्या बाईशी बोलायचं तर आधी तिच्या घरच्या गोष्टी काढायच्या, तपास अधिकाऱ्याला प्रश्न विचारण्याआधी त्याच्या बायकोची ओळख करून घ्यायची, कुठे गप्प बसायचं आणि कोणाचं नाव कोणासमोर घ्यायचं नाही, हे तिला शिकवावं लागलं नाही. कचेरीच्या गावात वाढलेल्या मुलीला ते अंगवळणी पडलेलं असतं. त्या वर्षीचं नाताळचं जेवण दोघांनी एका स्थानिक वकिलाच्या घरी घेतलं, आणि त्यानंतर गावातली बाकीची दारं भराभर उघडली. तिने टाइप केलेली टिपणं दीडशे पानांची आहेत. कपोटीने ती वापरली, १९६६ साली 'इन कोल्ड ब्लड' पुस्तकरूपाने आलं, आणि त्यात तिच्या वाट्याला आली ती अर्पणपत्रिकेतली निम्मी ओळ. निम्मी अशासाठी, की दुसरं नाव कपोटीच्या जोडीदाराचं होतं. या कंजूषपणाबद्दल तिने जाहीर तक्रार केली नाही. माझी मात्र आहे, आणि ती कपोटीच्या प्रकरणात सविस्तर केली आहे.

तिची स्वतःची गोष्ट तोवर कुठल्या कुठे गेली होती. १९४९ साली ती न्यूयॉर्कला गेली आणि विमान कंपन्यांत तिकीट आरक्षणाची नोकरी करत राहिली. १९५६ च्या नाताळात एका मित्र दांपत्याने तिला वर्षभराच्या पगाराइतके पैसे भेट दिले आणि नोकरी सोडून लिही म्हणून सांगितलं. टे होहॉफ या संपादिकेने तिचं बाड वाचलं, त्यातलं बालपण उचललं आणि तिला पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. ११ जुलै १९६० ला 'टू किल अ मॉकिंगबर्ड' बाहेर आली, १९६१ ला तिला पुलित्झर मिळालं. चित्रपटात कादंबरीतल्या वकिलाची, अ‍ॅटिकसची, भूमिका करायची म्हणून ग्रेगरी पेक मनरोव्हिलला येऊन वडील लींना भेटून गेला. एप्रिल १९६२ मध्ये वडील वारले. पुढच्या वर्षी पेकला ऑस्कर मिळालं तेव्हा त्याच्या हातात नेलने दिलेलं, तिच्या वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं. चार कोटींहून अधिक प्रती खपलेल्या पुस्तकाची ही लेखिका १९६४ नंतर मुलाखती देईनाशी झाली. आयुष्यभर ती न्यूयॉर्क आणि मनरोव्हिल यांच्यात ये-जा करत राहिली, २००७ साली पक्षाघाताचा झटका आल्यावर कायमची गावी आली, आणि १९ फेब्रुवारी २०१६ ला तिथेच गेली. २०१५ साली 'गो सेट अ वॉचमन' हे तिचं आधीचं लिखाण छापलं गेलं. त्यातला अ‍ॅटिकस वंशभेदाच्या बाजूने उभा राहिलेला पाहून जगभर हळहळ झाली. ज्यांनी त्या काळच्या दक्षिणेतले शहाणेसुरते गोरे वकील जवळून पाहिले होते, त्यांना हळहळायचं फारसं कारण नव्हतं.

अ‍ॅलिस ली यांच्यावर मी वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, असं आता वाटतं. १९४३ साली त्या वकिलीची परीक्षा पास झाल्या आणि वडिलांच्या कचेरीत बसू लागल्या. वयाची शंभरी गाठेपर्यंत त्या काम करत होत्या. धाकट्या बहिणीचे पैसे, करार, कर आणि पाहुणे या सगळ्यांची राखण त्यांच्याकडे. अलाबामात ज्युरीत बसायला बायकांना १९६६ पर्यंत बंदी होती. म्हणजे वीसेक वर्षं या बाई गावातल्या लोकांची मृत्युपत्रं करत होत्या, आणि तरीही कायद्याच्या नजरेत गावच्या कोणाही बाईची अक्कल बारा जणांच्या बाकावर बसण्याइतकी नव्हती.

इथवर आलं की 'गावाने माणसं घडवली' असं म्हणण्याचा मोह होतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. कपोटी या गावात सलग राहिला तो मोजकी वर्षं, नंतर सुट्ट्यांपुरता येत राहिला. लीची कादंबरी लिहिली गेली न्यूयॉर्कमधल्या खोलीत. मार्क चाइल्ड्रेसचा जन्म मनरोव्हिलचा, १९५७ सालचा. दक्षिणेतल्या चक्रम माणसांवर त्याने कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या 'क्रेझी इन अलाबामा'वर १९९९ साली अँतोनियो बांदेरासने चित्रपट केला. तोही गावात राहिला नाही. गावाने यांना कच्चा माल दिला आणि बाहेर जायची घाई दिली. पण हेही ज्यांना जाता आलं त्यांच्याबद्दल झालं.

मार्वा कॉलिन्स यांचं प्रकरण या दृष्टीने वाचावं. त्यांचा जन्म मनरोव्हिलचा, ३१ ऑगस्ट १९३६ चा, म्हणजे नेलपेक्षा त्या दहा वर्षांनी लहान. बालपण जवळच्याच अ‍ॅटमोर गावात गेलं. वडील धंद्यात हुशार, घर खाऊनपिऊन सुखी, पण सार्वजनिक वाचनालयात काळ्या मुलीला पाऊल टाकायची सोय नव्हती. पुढे त्या शिकागोला शिक्षिका झाल्या. सरकारी शाळेत ज्यांना मंद ठरवून मागच्या बाकावर टाकलं होतं, ती मुलं बाईंना मंद वाटेनात. १९७५ साली त्यांनी निवृत्तिवेतनाच्या खात्यातले पाच हजार डॉलर काढले आणि वेस्टसाइड प्रिपरेटरी ही शाळा सुरू केली. तिथे झोपडवस्तीतली लहान लहान मुलं शेक्सपियर वाचू लागली. १९८१ मध्ये त्यांच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला, त्यांचं काम केलं सिसिली टायसनने. कॉलिन्सबाईंच्या पद्धतीवर टीकाही झाली. ती मी लपवलेली नाही. पण लहानपणी वाचनालयाचं दार बंद असलेल्या मुलीने मोठेपणी मुलांपुढे पुस्तकांचे ढीग रचावेत, यातला हट्ट मला टीकाकारांहून जास्त समजतो.

सिंथिया टकर १९५५ साली जन्मल्या, त्याही मनरोव्हिलच्या. आईवडील दोघंही शिक्षक पेशातले. ऑबर्न विद्यापीठातून शिकून त्या अटलांटाच्या वर्तमानपत्रात गेल्या, संपादकीय पानाच्या प्रमुख झाल्या आणि २००७ साली स्तंभलेखनासाठी त्यांना पुलित्झर मिळालं. वर्तमानपत्र असलेल्या गावातूनच त्या आल्या. पण अमासा ली संपादक होते त्या काळात त्यांच्या वर्तमानपत्रात काळ्या मुलीला अग्रलेखाचं पान मिळालं असतं का, हा प्रश्न विचारल्याशिवाय दोघांची नावं एका दमात घेता येत नाहीत.

आणि मग वॉल्टर मॅकमिलियन. यांना नामवंत म्हणायचं का, असं मला हे पुस्तक लिहिताना दोघा-तिघांनी विचारलं. मनरोव्हिलच्या बाहेरच्या वस्तीतला हा माणूस, कागदगिरण्यांना लागणारं लाकूड तोडून विकण्याचा स्वतःचा छोटा धंदा करणारा. १ नोव्हेंबर १९८६ रोजी गावातल्या एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात अठरा वर्षांच्या गोऱ्या मुलीचा खून झाला. पोलिसांना कित्येक महिने कोणी सापडेना, लोक चिडले. मॅकमिलियन यांचे एका गोऱ्या विवाहितेशी संबंध असल्याचं तोवर गावभर झालं होतं. जून १९८७ मध्ये त्यांना पकडलं आणि खटला उभा राहण्याआधीच थेट फाशीच्या कैद्यांच्या तुरुंगात ठेवलं. हा तुरुंग अ‍ॅटमोरला आहे, कॉलिन्सबाईंच्या बालपणाच्या गावी.

खुनाच्या दिवशी सकाळी मॅकमिलियन घरी होते. चर्चसाठी पैसे जमवायला घरासमोर मासे तळून विकणं चाललं होतं, आणि त्यांना तिथे पाहिलेले डझनांनी लोक होते. सगळे काळे. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. सांगाडा खाली उतरवलेल्या ज्या ट्रकमध्ये त्यांना पाहिलं म्हणून साक्ष झाली, त्या ट्रकचा सांगाडा उतरवण्याचं काम खुनानंतर कित्येक महिन्यांनी झालेलं होतं. खटला शेजारच्या बाल्डविन काउंटीत नेला गेला. मनरो काउंटीत काळी वस्ती चाळीस टक्क्यांच्या आसपास, तिकडे त्याहून खूप कमी. ज्युरीत अकरा गोरे, एक काळा. ऑगस्ट १९८८ मध्ये दीड दिवसात निकाल लागला. ज्युरीने सुचवली जन्मठेप, न्यायाधीशाने ती डावलून फाशी दिली. तेव्हा अलाबामात न्यायाधीशाला तो अधिकार होता. ब्रायन स्टीव्हनसन या तरुण वकिलाने प्रकरण हाती घेतलं. मुख्य साक्षीदाराने आपण खोटं बोललो हे कबूल केलं, आणि त्याच्यावर दबाव आल्याच्या ध्वनिफिती सरकारी पेटाऱ्यातच सापडल्या. २ मार्च १९९३ ला मॅकमिलियन सुटले. २०१३ साली ते गेले. पुढच्या वर्षी स्टीव्हनसन यांचं 'जस्ट मर्सी' आलं, त्यावर २०१९ साली चित्रपटही झाला. न्यायाधीशाचा तो अधिकार अलाबामाने २०१७ साली काढून घेतला, पण आधीच ज्यांना तशी फाशी सुनावली होती त्यांना त्याचा लाभ दिला नाही.

हे सगळं घडत असताना गावात काय चाललं होतं? १९९० च्या सुमाराला स्थानिक हौशी कलाकारांनी 'मॉकिंगबर्ड'चा नाट्यप्रयोग सुरू केला, तो दर वसंतात होत आला. पहिला अंक मोकळ्यावर, दुसरा जुन्या कोर्टाच्या खोलीत. ज्युरी म्हणून प्रेक्षकांतूनच बारा जणांना उठवून बाकावर बसवतात. आरोपी निर्दोष आहे हे त्या बारांनाही ठाऊक असतं, आणि तरी संहितेप्रमाणे निकाल दोषी असाच द्यावा लागतो. प्रयोगाची पहिली वर्षं आणि मॅकमिलियन यांची कोठडीतली शेवटची वर्षं एकच आहेत. मनरोव्हिलच्या लोकांना मी ढोंगी म्हणत नाही. पुस्तकातल्या अन्यायावर रडणं आणि शेजारच्या गल्लीतला अन्याय न दिसणं, या दोन्ही गोष्टी एकाच भल्या माणसाकडून होऊ शकतात. १९९७ साली राज्याच्या विधिमंडळाने गावाला आणि काउंटीला अलाबामाची साहित्यिक राजधानी म्हणून घोषित केलं. २०१३ साली खुद्द लीने जुन्या कोर्टातल्या संग्रहालयावर आपल्या पुस्तकाच्या नावाने विक्री केल्याबद्दल दावा लावला, तो वर्षभरात मिटला. वकिलाच्या मुलीला शेवटी गावाशी बोलायचं तेही नोटिशीतूनच बोलावं लागलं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रकरणं जन्मसालाप्रमाणे लावलेली नाहीत. लहान गावात माणसं एकमेकांच्या आयुष्यात जशी येतात-जातात, तशीच ती इथेही येतात, त्यामुळे काही प्रसंग दोनदा भेटतील. गॅलरीतून एक दिसतो, खालून दुसरा. ट्रॅव्हिसला वेगळं प्रकरण दिलं नाही, कारण तो क्लेबोर्नचा. गावातून आलेले खेळाडू गाळले, कारण अमेरिकी फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर लिहून कागद वाया घालवणं बरं नव्हे. 'साहित्यिक राजधानी'च्या पर्यटनासाठी हे पुस्तक हाताशी ठेवायचं असेल तर ते निरुपयोगी आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' पुष्कळ मराठी वाचकांनी कधी ना कधी वाचलेली असते. ज्यांनी वाचली नसेल त्यांनी आधी ती वाचावी, माझं पुस्तक थांबेल. आणि ज्यांच्यापाशी यातलं एकच प्रकरण वाचण्याइतका वेळ असेल, त्यांनी लीचं किंवा कपोटीचं न वाचता वॉल्टर मॅकमिलियन यांचं वाचावं, एवढी विनंती.